‘तांत्रिक कारणास्तव’ हे कारण नसतं

परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असतो आणि पोर्टलवर पट्टी झळकते : ‘तांत्रिक कारणास्तव सेवा तात्पुरती बंद आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ पगाराच्या तारखेला बँकेचं ॲप झोपतं, तेव्हाही हेच वाक्य. कुठल्याही बिघाडानंतर तेच, जणू सगळ्यांनी मिळून एकदाच लिहून घेतलंय.

हे वाक्य जिथून निघतं त्याच धंद्यात मी आहे. सर्व्हरच्या एका क्लस्टरवरचा डेटा दुसऱ्यावर सतत उतरवत ठेवणं आणि पहिला पडला की काम दुसऱ्यावर नेणं, म्हणजे रेप्लिकेशन आणि फेलओव्हर, हे माझं रोजचं काम. म्हणून ठामपणे सांगतो : बहुतेक वेळा त्या पट्टीमागचं खरं कारण तांत्रिक नसतं. यंत्रं बिघडतातच. डिस्क मरते, केबल तुटते, वीज जाते. हे सगळं होणार हे गृहीत धरूनच आमचा पगार होतो. पण बिघाड झाला तर किती डेटा गमवायचा, किती वेळ बंद राहायचं आणि बटण कोणी दाबायचं, हे तीन निर्णय आधी घ्यायचे असतात. ते कोणी घेतलेलेच नसतात, किंवा घेतलेले असतात आणि ज्याचं नुकसान होणार त्याला सांगितलेले नसतात. ‘तांत्रिक कारणास्तव’ हे दोन शब्द या न घेतलेल्या आणि न सांगितलेल्या निर्णयांवर टाकलेली चादर आहे.

आधी मुळात काय चालतं ते बघू. कोडची गरज नाही, भिशी पुरेल.

समजा पुण्यातल्या एका काकूंकडे भिशीचा हिशेब आहे. वही हरवली तर पंचाईत, म्हणून नाशिकला त्यांच्या जाऊबाईंकडे दुसरी वही आहे. आता दोन पद्धती शक्य आहेत. पहिली : तुम्ही पैसे दिले की काकू नाशिकला फोन लावणार, जाऊबाई ‘लिहिलं’ म्हणणार आणि मगच काकू तुम्हाला ‘मिळाले’ म्हणणार. दुसरी : काकू लगेच ‘मिळाले’ म्हणणार आणि सवड मिळाली की पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणार. पहिलीत तुम्हाला ताटकळावं लागतं, आणि जाऊबाईंचा फोन लागला नाही तर भिशीच थांबते. दुसरीत काम झटपट होतं. पण फोटो पाठवायच्या आधी वही जळाली तर तुमचे पैसे कुठेच लिहिलेले नाहीत, जरी तुम्हाला ‘मिळाले’ असं तोंडावर सांगितलं गेलं असलं तरी.

पहिल्या पद्धतीला सिंक्रोनस रेप्लिकेशन म्हणतात, दुसरीला असिंक्रोनस. तिसरी, जादूची पद्धत नाही. दोन केंद्रांमधलं अंतर कोणी कमी करू शकत नाही. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद, आणि तारा सरळ रेषेत टाकलेल्या नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. एका व्यवहाराला हे काहीच नाही. पण एक पान उघडताना डेटाबेसकडे पन्नास फेऱ्या होत असतील, तर तोच आकडा अर्ध्या सेकंदाच्या पुढे जातो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस. त्यात सिंक्रोनस स्टँडबायचं नाव कॉन्फिगमध्ये मुद्दाम लिहिलं नाही, तर रेप्लिकेशन असिंक्रोनसच चालतं. मायएसक्यूएलमध्येही मूळ सेटिंग असिंक्रोनसच. म्हणजे कोणी काहीच ठरवलं नाही तरी एक निर्णय होऊन जातो : शेवटचे काही क्षण गमावायला आपली हरकत नाही. त्या क्षणांत ज्यांचे व्यवहार असतील त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

या गमावण्याला आमच्याकडे आरपीओ म्हणतात, म्हणजे बिघाड झाला तर किती वेळाचा डेटा गेलेला चालेल. किती वेळात पुन्हा उभं राहायचं त्याला आरटीओ म्हणतात. (लायसन्सच्या ऑफिसशी संबंध नाही, पण रांगेचा अनुभव सारखाच.) हे आकडे ठरवायची मीटिंग कशी होते ते सांगतो. धंद्याच्या बाजूचा माणूस म्हणतो, आरपीओ झीरो ठेवा. इंजिनीअर म्हणतो, ठेवतो. मग प्रत्येक व्यवहार थोडा हळू होईल, आणि दुसरं केंद्र बंद पडलं तर पहिल्यावरची लिखापढीही थांबेल. ते टाळायचं असेल तर तिसरी प्रत ठेवावी लागेल, तिचा खर्च वेगळा. मग उत्तर येतं : हळू चालणार नाही, थांबलेलं चालणार नाही, खर्च वाढलेला चालणार नाही, पण झीरोच ठेवा, क्लायंटला तसं कळवलंय.

मी काम केलेल्या एका ठिकाणी क्लायंटच्या कागदावर ‘शून्य’ होतं आणि कॉन्फिग फाइलमध्ये असिंक्रोनस. दोन्ही गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या. कोणाला अपराधी वाटत नव्हतं, कारण कागद एका डिपार्टमेंटचा होता आणि फाइल दुसऱ्या. याला मी तांत्रिक मर्यादा म्हणणार नाही. साध्या मराठीत याला खोटं बोलणं म्हणतात.

यावर आमच्यातल्याच हुशार लोकांचं उत्तर ठरलेलं असतं : सगळं ऑटोमॅटिक करा. माणूस मध्ये ठेवूच नका. सर्व्हर पडला की सॉफ्टवेअरच ओळखेल आणि स्विच करेल.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबमध्ये नेमकं हेच घडलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नेटवर्कचं एक उपकरण बदलताना त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. फक्त ४३. तेवढ्यात फेलओव्हर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने, ऑर्केस्ट्रेटरने, बहुमत जमवलं, पूर्वेचा डेटाबेस गेला असं ठरवलं आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतीला मुख्य करून टाकलं. पण पूर्वेकडे काही सेकंदांचं लिखाण असं होतं जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं. संपर्क परत आला तेव्हा दोन्ही वह्यांमध्ये एकमेकींत नसलेल्या नोंदी होत्या. सर्वांत गजबजलेल्या क्लस्टरपैकी एकात अशा ९५४ नोंदी. शिवाय पूर्वेकडच्या ॲप्लिकेशन्सना देशाच्या दुसऱ्या टोकाच्या डेटाबेसशी इतक्या अंतरावरून बोलणं झेपेना. सगळं नीट व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

इथे ऑर्केस्ट्रेटर बिघडला नव्हता. त्याला जे करायला सांगितलं होतं ते त्याने चोख केलं. समोरचा मेलाय की नुसता उत्तर द्यायला उशीर करतोय, हे नेटवर्कवरून खात्रीने ओळखता येत नाही. अशा अनिश्चित नेटवर्कमध्ये एक जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर सगळ्यांचं एकमत नक्की होईल याची हमी देणारी ठरावीक पद्धत असू शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्येच सिद्ध केलं आहे. त्यामुळे ‘इतके सेकंद उत्तर आलं नाही तर गेला समजा’ हा टाइमआउटचा आकडा म्हणजे शेवटी अंदाजच. तो अंदाज यंत्राच्या हाती दिला म्हणून निर्णय नाहीसा होत नाही. तो फक्त आधी घेतला जातो. आणि घेणाऱ्याचं नाव कुठे राहत नाही.

तरीही गिटहबचं एक मानलं पाहिजे. साइट लवकर चालू करायची की लोकांचा डेटा सलग ठेवायचा, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी डेटा निवडला, वेळ लागू दिला आणि नंतर सेकंदासकट सगळा हिशेब जाहीर लिहिला. पुढे असं आपोआप एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जाणं बंद करणार, हेही लिहिलं. ‘तांत्रिक कारणास्तव’ म्हणून सुटता आलं असतं.

दुसरी अंधश्रद्धा : आमच्याकडे दोन प्रती आहेत, म्हणजे डेटा सुरक्षित आहे. रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. काकूंनी चुकून पान फाडलं आणि जाऊबाई प्रत्येक बदल इमानाने उतरवत असल्या, तर त्याही फाडणार. डिलीटची आज्ञा दुसऱ्या क्लस्टरवर तेवढ्याच तत्परतेने पोचते जेवढ्या तत्परतेने पैसे जमा झाल्याची नोंद.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबमध्ये रेप्लिकेशन मागे पडलं होतं. ते सुरळीत करताना एका इंजिनीअरने दुय्यम सर्व्हरवरचा फोल्डर पुसायला घेतला. आज्ञा मात्र मुख्य सर्व्हरवर चालली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा बॅकअप डेटाबेसच्या चुकीच्या आवृत्तीच्या साधनाने घेतला जात असल्यामुळे रोज निमूटपणे फसत होता. तो फसल्याचे ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. बाकीचे उपायही वेळेवर कामाला आले नाहीत. वाचवलं ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. सहा तासांचं काम कायमचं गेलं.

गिटलॅबने दुरुस्ती चालू असताना ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली आणि त्या इंजिनीअरवर खापर फोडलं नाही. आपल्याकडे हेच घडलं असतं तर? बाहेर पट्टी लागली असती आणि आत एका पोराला एचआरचं बोलावणं गेलं असतं. रात्री अकरा वाजता एका माणसाच्या एका ओळीने सगळं जाऊ शकतं, ही त्या माणसाची चूक मानणारी कंपनी पुढच्या वेळचीही तयारी करत असते, बिघाडाची.

आणि अंतराचा मुद्दा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण गेली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा बॅकअपही गेला. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीमुळे आग लागली आणि ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवण्याचा जी-ड्राइव्ह नावाचा साठा, ८५८ टेराबाइट, कायमचा गेला, कारण त्याची बाहेर प्रतच नव्हती. साठा फार मोठा म्हणून प्रत नाही, असं स्पष्टीकरण आलं. जितकं जास्त जपायचं तितकं कमी जपलं, असा त्याचा अर्थ. हा तंत्रज्ञानात आघाडीवर असलेला देश आहे, हे विसरू नका. पैसा आणि अक्कल दोन्ही होतं. ‘हा डेटा गेला तर काय’ या प्रश्नाचं उत्तर देणं कोणाचं काम आहे, हे मात्र ठरलेलं नव्हतं.

आता घरी येऊ. २४ फेब्रुवारी २०२१. मुंबईतल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं कामकाज सकाळी ११.४० ला थांबलं. टेलिकॉम लिंकमध्ये बिघाड झाला होता आणि त्यातून क्लिअरिंगची जोखीम सांभाळणारी यंत्रणा अडकली होती. एक्स्चेंजकडे चेन्नईला डीआर साइट, म्हणजे आपत्तीसाठी राखून ठेवलेलं दुसरं केंद्र, होतं. तरी व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. बाजार दुपारी ३.४५ ला पुन्हा उघडला आणि ५ वाजेपर्यंत चालवला. मधल्या चार तासांत ज्यांचे सौदे अर्धवट होते ते अडकून पडले.

हे उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. इथे दुसरं क्लस्टर होतं. पैसा ओतलेला होता. पण अर्धवट बिघाड झाला की प्रत्येकाला वाटतं, पाच मिनिटांत येईल, थांबू. स्विच करून काही बिघडलं तर नाव माझं, थांबून बिघडलं तर ‘तांत्रिक कारण’. कुठल्याही ऑफिसात बसलेला माणूस यातलं काय निवडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून पुढे सेबीने जे केलं ते महत्त्वाचं. मार्च २०२१ च्या परिपत्रकात बाजाराच्या संस्थांना सांगितलं : महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ जाहीर करा, जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करा, गरज पडल्यास डीआर साइटवरून, आणि डेटा गमावण्याची मर्यादा १५ मिनिटं. नंतर २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी शेअर बाजार मुद्दाम उघडले गेले. आधी काही वेळ मुख्य केंद्रावरून आणि मग त्याच दिवशी डीआर साइटवरून खरे सौदे झाले, खऱ्या पैशांचे. या बदलासाठी कोणी नवा शोध लावला नाही. थांबून राहण्याची मुभा काढून घेतली, एवढंच.

याच्या तुलनेत बाकीच्या कंपन्यांची डीआर ड्रिल बघा. आठवडाभर आधी ईमेल येतो. शनिवारी पहाटे दुसरं केंद्र चालू करतात, लॉगिनचं पान उघडतं, स्क्रीनशॉट काढतात, ऑडिटरला पीडीएफ जाते, सगळे झोपायला जातात. खरा ग्राहक त्या केंद्रावर कधी गेलेलाच नसतो. मग खरी वेळ येते तेव्हा कळतं की तिकडच्या सर्टिफिकेटची मुदत संपली आहे. फायरवॉलमधला नियम फक्त मुख्य केंद्रासाठी लिहिला होता. ओटीपी पाठवणारी कंपनी या नव्या पत्त्यावरून आलेली मागणी ओळखत नाही. रात्रीचे जॉब दोन्हीकडे चालू राहतात आणि लोकांना दोनदा मेसेज जातात. यंत्रं निम्म्या ताकदीची घेतली होती, कारण ‘वापरायची थोडीच आहेत’. यातली एकही गोष्ट अवघड नाही. या सगळ्या गोष्टी फक्त वापरल्यावरच कळतात, आणि वापरायची आमची हिंमत नसते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत.

पहिला : हे सगळं मोठ्यांना परवडतं. छोट्या कंपनीने, जिल्ह्याच्या इस्पितळाने, पतपेढीने काय करावं? मान्य. दोन शहरांत क्लस्टर ठेवा असं मी कोणालाही सांगत नाही. रोज रात्री एक बॅकअप दुसऱ्या जागी जात असेल आणि महिन्यातून एकदा तो खरोखर उघडून बघितला जात असेल, तर बऱ्याच ठिकाणी तेवढं पुरतं. पण मग ‘आमचा चोवीस तासांपर्यंतचा डेटा जाऊ शकतो’ असं तिथल्या काउंटरवरच्या माणसाला सांगा. त्याला हे माहीत असेल तर तो दिवसभराच्या पावत्यांची कार्बन कॉपी जपून ठेवेल. नर्स औषधाची नोंद कागदावरही करेल. आकडा कळला की माणसं आपापली सोय करतात. खोटं शून्य सांगून आपण त्यांची ती सोय काढून घेतो. माझा खरा राग इथे आहे, पैसे कमी खर्च केल्याचा नाही.

दुसरा : लोकांना असं सांगितलं तर विश्वास उडेल. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात म्हणून कोणी औषध घ्यायचं थांबवलेलं नाही. उलट विश्वास कशाने उडतो? खात्यातून पैसे गेले, समोरच्याला मिळाले नाहीत, आणि कस्टमर केअरची व्यक्ती म्हणते की सिस्टिममध्ये असं काही दिसत नाही. तिला खरंच दिसत नसतं. ज्या सेकंदात तो व्यवहार होता तो सेकंद दुसऱ्या क्लस्टरवर पोचलाच नसेल, तर तुमच्या हातातला स्क्रीनशॉट हाच जगातला एकमेव पुरावा. मग सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. नुकसान कंपनीच्या निर्णयाचं, हेलपाटे तुमचे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पैसा, परीक्षा, आरोग्य यांच्याशी संबंध असलेल्या प्रत्येक सेवेने आपला आरपीओ आणि आरटीओ लोकांना समजेल अशा भाषेत जाहीर करावा. दुसऱ्या केंद्रावरून वर्षातून निदान एकदा खरं, दिवसाढवळ्या काम चालवावं आणि कधी चालवलं ती तारीख सांगावी. मोठ्या बिघाडानंतर काय गेलं, का गेलं आणि आता काय बदललं, हे लिहून प्रसिद्ध करावं. बाजाराला सेबी हे भाग पाडू शकते. वारंवारच्या बिघाडांनंतर डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँक एचडीएफसीसारख्या मोठ्या बँकेला नवी क्रेडिट कार्डं द्यायचं तात्पुरतं थांबवू शकली. तर मग परीक्षेचं पोर्टल चालवणाऱ्यांना कोणीच काही विचारू नये, असं का?

आणि माझ्या वयाच्या, माझ्याच कामातल्या मित्रमैत्रिणींसाठी एक. कॉन्फिग फाइलमध्ये ती ओळ तुम्ही लिहिता, म्हणून निर्णय तुमचा होत नाही. टाइमआउट किती, रेप्लिकेशन कुठलं, लॅग किती वाढला तर स्विच करायचं नाही, हे ज्याने ठरवलं त्याचं नाव आणि तारीख त्या ओळीच्या वर कॉमेंटमध्ये लिहा. ‘कोणी ठरवलं नाही’ असं असेल तर तेच लिहा. मग ईमेलवर विचारा, लेखी उत्तर मागा. चिडतील. पण रात्री तीनला फोन तुम्हाला येणार आहे, त्यांना नाही.

बाकीच्यांनी पुढच्या वेळी ती पट्टी दिसली की एवढंच विचारावं : बंद पडायच्या आधीची शेवटची किती मिनिटं तुमच्याकडे नाहीत? उत्तर मिनिटांत आलं तर ती माणसं कामाची आहेत. उत्तर ‘तांत्रिक’ असं आलं तर स्क्रीनशॉट जपून ठेवा.